क्योनिग्झे आणि बेर्ख्तेसगाडेन नॅशनल पार्क: म्युनिकहून आई-बाबांना घेऊन कसं जायचं, सगळं सविस्तर

मे महिना आला की म्युनिकमधल्या आपल्या मंडळींचा प्रश्न ठरलेला असतो. आई-बाबा येतायत, तीन महिन्यांचा व्हिसा आहे, नॉयश्वानस्टाइन झालं, साल्झबुर्ग झालं, आता खरा आल्प्स दाखवायचाय तर कुठे नेऊ? माझं उत्तर पण ठरलेलं असतं, बेर्ख्तेसगाडेन. जर्मनीतला आल्प्समधला एकमेव नॅशनल पार्क, 1978 साली झाला, साधारण 210 चौरस किलोमीटर, तीन बाजूंनी ऑस्ट्रिया. गुडघे दुखणाऱ्या बाबांपासून ते दर शनिवारी हरिश्चंद्रगड मारलेल्या भावापर्यंत सगळ्यांना पुरेल एवढं तिथे आहे. फक्त एका दिवसात सगळं उरकायला जाऊ नका, ती चूक मी करून झालोय, त्याबद्दल खाली लिहिलंय.

आधी महिना ठरवा, मग तारीख

क्योनिग्झे म्हणजे तिथला मुख्य तलाव, साडेसात-आठ किलोमीटर लांब, जेमतेम सव्वा किलोमीटर रुंद आणि 190 मीटर खोल. दोन्ही बाजूंनी कडे सरळ पाण्यात उतरतात त्यामुळे काठाने चालत पलीकडच्या टोकाला जायला रस्ताच नाही, बोटीनेच जावं लागतं. ही बोट मधल्या सांक्ट बार्टोलोमेपर्यंत (काठावरचं जुनं चर्च आणि धक्का) वर्षभर जाते (तलाव गोठला नाही तर), पण शेवटच्या सालेट धक्क्यापर्यंत साधारण एप्रिलच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच जाते. माझं ठाम मत असं की सालेटपर्यंत जाता येणार नसेल तर ज्येष्ठांना घेऊन एवढी दगदग करू नका.

मे महिन्यात खाली हिरवंगार असतं पण 1500 मीटरच्या वर बर्फ अजून ठाण मांडून असतो, वरच्या वाटांवर घसरायला होतं. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या शेवटापर्यंत उत्तम. जुलै-ऑगस्टमधे बव्हेरियाच्या शाळांना सुट्टी लागते आणि जत्रा भरते, शिवाय दुपारी गडगडाटी पाऊस. सप्टेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा मला सगळ्यात आवडतो, हवा स्वच्छ, गर्दी थोडी कमी. ऑक्टोबरमधे वरच्या लार्च झाडांची पानं हळदीसारखी पिवळी होतात, सूचिपर्णी असून पानं गाळणारं हे झाड, आईला ते खरंच वाटेना.

नशीब असेल तर सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला गाई उतरताना दिसतात. उन्हाळाभर वरच्या कुरणात चरलेल्या गाई सपाट बोटीत उभ्या करून तलावावरून परत आणतात. उन्हाळ्यात एकही जनावर दगावलं नसेल तर त्यांच्या डोक्यावर रंगीबेरंगी मुकुट बांधतात, त्याला तिथे फुइकल म्हणतात, आणि जनावर गेलं असेल तर मुकुट नाही. आपल्याकडचा बैलपोळा आठवतो. तारीख हवामानावर ठरते, आधीपासून पक्की मिळत नाही.

म्युनिकहून पोचायचं कसं

ट्रेनने म्युनिक मेन स्टेशनवरून फ्राइलासिंग, तिथे गाडी बदलून बेर्ख्तेसगाडेन. साधारण अडीच-पावणेतीन तास लागतात. डॉइचलांड तिकीट (लोकल गाड्या-बसचा देशभर चालणारा मासिक पास) असेल तर तेच चालतं. पाहुण्यांसाठी बायर्न तिकीट, म्हणजे बव्हेरियाचं एक दिवसाचं तिकीट काढा, ते पाच जणांपर्यंत एकत्र निघतं आणि माणशी स्वस्त पडतं, पण सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतरच लागू होतं. इथेच बऱ्याच जणांचा प्लॅन फसतो, कारण नऊला निघालात तर तलावावर पोचेपर्यंत साडेबारा होतात. शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासूनच चालतं, पण गर्दी. म्हणून एक मुक्काम करा, शक्यतो दोन.

बेर्ख्तेसगाडेन स्टेशनच्या बाहेरच बसस्टँड आहे, क्योनिग्झेची पाटी लावलेली बस पकडायची. साल्झबुर्गहून येणाऱ्यांना 840 नंबरची बस सीमा ओलांडून थेट इथे आणते, पाऊणएक तासात. पासपोर्ट आणि रेसिडेन्स कार्ड जवळ ठेवाच, परतताना पोलीस गाडीत चढून तपासतात, आई-बाबांचे पासपोर्ट हॉटेलात राहिले तर उगाच धावपळ.

गाडीने जाणार असाल तर क्योनिग्झेला मोठं पेड पार्किंग आहे, पण उन्हाळ्यातल्या चांगल्या दिवशी दहापर्यंत भरायला लागतं. रविवारी संध्याकाळी ए-8 हायवेवर म्युनिककडे जी लाइन लागते ती बघून जुना खंडाळा घाट आठवतो.

मुक्काम श्योनाऊ, बेर्ख्तेसगाडेन किंवा रामसाऊ, तिन्हीपैकी कुठेही करा. पहिल्या दोन ठिकाणी पोळी-भाजीची सोय नसली तरी सुपरमार्केट आहे, म्हणून किचन असलेलं हॉलिडे अपार्टमेंट घ्या, संध्याकाळी खिचडी टाकली की अर्धं भांडण मिटतं. मालक गेस्ट कार्ड देतो, ते आठवणीने मागून घ्या, त्यावर तिथल्या स्थानिक बस फुकट असतात.

आदल्या रात्री काय करायचं

हवामान बघा, पण फोनमधल्या साध्या अ‍ॅपवर नको, त्यात गावाचं हवामान दिसतं डोंगराचं नाही. अल्पाइन क्लबचं डोंगरासाठीचं वेगळं हवामान असतं, किंवा जर्मन हवामान खात्याचं अ‍ॅप घ्या. दुपारनंतर गडगडाट लिहिला असेल तर दोन वाजेपर्यंत उंचावरून खाली यायचं, चर्चा नाही. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तीनने भागा, तेवढे किलोमीटर ती लांब आहे. दहा सेकंदांच्या आत आलं तर कड्यावरून, एकट्या झाडाजवळून आणि लोखंडी दोरांपासून लांब व्हा.

सॅकमधे प्रत्येकाचं रेनजॅकेट, एक गरम लेअर (तलावावर सकाळी जुलैमधेही हुडहुडी भरते), टोपी, सनस्क्रीन, रोख पैसे आणि पाणी. पाण्याबद्दल जरा सविस्तर सांगतो. सह्याद्रीत आपण कुठल्याही गडावर गेलो की टाक्यात पाणी असणार असं धरून चालतो, कारण आपला खडक बेसॉल्ट, पाणी धरतो. इथला सगळा डोंगर चुनखडकाचा, पाऊस पडला की पाणी भेगांतून खाली गडप होतं आणि डोंगरमाथा कोरडा ठणठणीत राहतो, सगळं पाणी खाली पायथ्याला फुटतं. म्हणून वर जायचं असेल तर माणशी दीड-दोन लिटर खालूनच न्या. हाच चुनखडक ओला झाला आणि हजारो बुटांनी घासून गुळगुळीत झालेला असला की साबणासारखा होतो. बाबांचे ते पांढरे वॉकिंग शूज इथे चालत नाहीत, ग्रिप असलेला सोल हवा. नवीन घ्यायचे तर दोन आठवडे आधी घेऊन रोज फिरायला तेच घालायला लावा, नाहीतर पहिल्याच दिवशी फोड.

गवतातून गोचीड चढते, तिला इथे झेके म्हणतात, आणि ती चावून मेंदूज्वराचा आजार होऊ शकतो. या भागात त्याची लस घ्यायला सांगतात, आपण इथे राहणाऱ्यांनी घेतलेली असावीच. पाहुण्यांना लांब पँट, मोजे वर ओढून, आणि संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत, केसांच्या कडेला बघून घ्यायचं.

दिवस पहिला: तलाव, पण शेवटपर्यंत

आता माझी फजिती सांगतो. पहिल्या वेळी आम्ही निवांत नाश्ता-बिश्ता करून साडेअकराला तिकीट खिडकीवर पोचलो. रांग. बोट मिळाली एकच्या पुढे. बार्टोलोमेला सगळे उतरले म्हणून आम्ही पण उतरलो, तिथे फोटो, जेवण, चर्चच्या मागे आइसक्रीम, मग सालेटला जायला पुढची बोट, तिथे पोचेपर्यंत आभाळ काळं. सालेटच्या मागच्या ओबरझे या छोट्या तलावाच्या काठावर दहा मिनिटं उभे राहिलो, समोर फक्त धुकं आणि पावसाचे थेंब, आणि परतीची रांग बघून उलटे धावलो. आईने रांगेत दीड तास उभं राहून काढला. घरी आल्यावर म्हणते, छान होतं रे, पण पवनेच्या धरणासारखंच होतं. त्यादिवशी मी ठरवलं, पहिली बोट म्हणजे पहिली बोट.

तर असं करा. हंगामात पहिली बोट आठच्या सुमारास सुटते (वेळ महिन्याप्रमाणे बदलते, आदल्या दिवशी बघून घ्या), तुम्ही अर्धा तास आधी धक्क्यावर. तिकीट थेट सालेट परतीचं काढा. बोटीत जाताना उजव्या बाजूला बसलात तर वाट्झमान या इथल्या सगळ्यात मोठ्या डोंगराची पूर्व भिंत डोक्यावर येते. बार्टोलोमेला बहुतेक लोक उतरतात, तुम्ही उठायचं नाही. बसून राहायचं. धक्क्यापासून सालेटपर्यंत साधारण पाऊण ते एक तास.

या बोटी 1909 पासून विजेवर चालतात, म्हणजे आपल्याकडे इलेक्ट्रिक बस आली म्हणून फोटो काढतात त्याच्या शंभर वर्षं आधीपासून. म्हणूनच तलाव इतका शांत आणि पाणी इतकं स्वच्छ. मधे एका जागी नावाडी बोट थांबवतो, दार उघडतो, पितळी हॉर्न तोंडाला लावतो आणि चार सूर वाजवून गप्प बसतो. एक क्षण काहीच नाही. मग समोरचा कडा तेच चार सूर परत वाजवतो, जरा मऊ, जरा उशिरा, शेवटच्या सुराला ओढ देऊन. बोटीतली पोरंसुद्धा गप्प होतात. मग टोपी फिरते आणि नावाडी ठरलेला जोक मारतो की वर कड्यामागे बसलेल्या दुसऱ्या वाजवणाऱ्याला पण यातले अर्धे द्यायचे असतात. सुटे युरो खिशात ठेवा.

वाटेत डोळे उघडे ठेवलेत तर कड्यावर एक क्रॉस दिसतो. 1688 साली यात्रेकरूंची होडी तिथे आपटून बुडाली आणि सत्तरएक माणसं गेली, त्यांच्या आठवणीचा. यात्रा अजून चालू आहे, ऑगस्टच्या शेवटी ऑस्ट्रियातल्या मारिया आल्म गावातून लोक पहाटे निघतात आणि अख्खा दगडी पठार ओलांडून दिवसभर चालत बार्टोलोमेला उतरतात. बाबा दोनदा वारी करून आलेत, त्यांना हे ऐकून एकदम तो परिसर ओळखीचा वाटायला लागला, मग प्रत्येक म्हाताऱ्या जर्मन माणसाला बघून हा चालत आला असेल का विचारत होते.

सालेटला उतरलात की सरळ चालायला लागा, पंधरा मिनिटांत ओबरझे. छोटा तलाव, मागे उभा कडा, एक लाकडी बोटघर. सकाळी वारा सुटायच्या आत पोचलात तर पाण्यात डोंगर जसाच्या तसा उलटा दिसतो, नऊ-दहानंतर लाटा उठल्या की संपलं. इथून उजव्या काठाने वाट जाते. सपाटच आहे, पण मधे एक तुकडा कड्याच्या अंगावरून पायऱ्या-पायऱ्यांनी चढतो-उतरतो, धरायला वायर आहे, ओलं असेल तर सावकाश. आईला हात धरून नेलं, सगळा मिळून दहा मिनिटांचा प्रकार, पुढे परत सपाट. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी मात्र ओबरझेच्या अलीकडच्या काठावरच बैठक मारावी, तोटा काही नाही.

पलीकडे फिशउंकेल आल्म. आल्म म्हणजे उन्हाळ्यात गुरं घेऊन वर राहायची झोपडी, आपला गवळीवाडा म्हणा ना. मेनू कार्डबिर्ड नाही, ब्रेड-चीज, दूध आणि बुटरमिल्ख. हे बुटरमिल्ख म्हणजे चक्क ताक, थोडं घट्ट, थंडगार, आंबट. आईने पर्समधून कागदाची पुडी काढली, त्यात जिरेपूड आणि सैंधव, ग्लासात टाकून बोटाने ढवळलं आणि शेजारच्या बाकावरच्या आजीबाईंना पण चिमूटभर दिलं, त्यांनी आधी वास घेतला, मग घोट, मग मान हलवून पुडी परत मागितली. रोख पैसे लागतात, कार्ड मशीन असेल या भरवशावर राहू नका.

गाईंबद्दल एक. आपल्याला गाय दिसली की जवळ जाऊन पाठीवर हात फिरवायची सवय. इथे तसं करू नका, वासरू जवळ असेल तर त्या अंगावर येतात. लांबून नमस्कार पुरे. आणि कुरणाचं फाटक उघडलंत की लावून पुढे जा.

आल्मपासून अजून वीस-पंचवीस मिनिटं आत गेलं की र्‍योटबाखचा धबधबा, साधारण 470 मीटर, जर्मनीतला सगळ्यात उंच. पावसानंतर किंवा जूनमधे बर्फ वितळताना भरलेला असतो, सप्टेंबरात कधीकधी नुसती ओली रेघ, तेव्हा तेवढ्यासाठी सगळ्यांना ओढत नेऊ नका.

परतीचं गणित उलटं मांडायचं. शेवटची बोट किती वाजता हे सालेटच्या पाटीवर बघून फोटो काढून ठेवा, आणि तिच्या किमान दीड तास आधीची बोट आपली माना. शेवटची चुकली तर तिथे हॉटेल नाही, रस्ता नाही, टॅक्सी नाही, फोनला रेंजही धड नाही. बार्टोलोमेला उतरायचं ते परतताना, दुपारी. लाल कांद्याच्या आकाराच्या घुमटांचं ते चर्च, मूळ 1134 चं, आताचं रूप सतराव्या शतकाच्या शेवटचं. शेजारच्या जुन्या शिकारगृहात रेस्टॉरंट आहे. मासे खाणाऱ्यांनी तलावातला धुरी दिलेला झाइबलिंग घ्या, तिथे त्याला श्वार्झराइटर म्हणतात. घाईत असाल तर बार्टोलोमे सोडलं तरी मला वाईट वाटणार नाही. तिथून तासाभरावर वाट्झमानच्या भिंतीच्या पायाशी हिमस्खलनाच्या बर्फाची एक गुहा असायची, तिला बर्फाचं देऊळ म्हणायचे, ती आता कोसळलीये, तिथे बर्फ दिसलाच तर लांबूनच बघा, त्याच्या आत किंवा वर पाय ठेवायचा नाही, तो कधीही कोसळतो.

अजून एक, इन्स्टाग्रामवर तलावाच्या वर कड्यात नैसर्गिक स्विमिंग पूलसारखी जागा दिसते, क्योनिग्सबाख धबधब्याची. फोटोसाठी एवढी झुंबड उडाली की झाडी तुडवून वाटांचं जाळं झालं, 2019 मधे दोन तरुण बुडाले, आणि 2021 साली पार्कने ती जागा पाच वर्षांसाठी बंद केली. जुने रील बघून भाचे-पुतणे हट्ट करतील, नाही म्हणायचं.

वाट्झमानची गोष्ट, पोरांसाठी

बोटीत किंवा बसमधे पोरं कंटाळली की ही सांगा. वाट्झमान नावाचा क्रूर राजा होता, शिकारीच्या नादात त्याने घोड्याखाली एका धनगराचं कुटुंब तुडवलं, मरताना म्हातारीने शाप दिला, आणि राजा, राणी आणि त्यांची पोरं दगड झाली. उजवीकडचं मोठं शिखर राजा, 2713 मीटर, डावीकडचं राणी, मधली टोकं पोरं. त्यांच्या रक्ताचा क्योनिग्झे झाला. गावातून सगळं कुटुंब नीट मोजता येतं. अहिल्येची आठवण येतेच, फक्त इथे उद्धाराला कोणी आलं नाही.

दिवस दुसरा: हिंटरझे आणि क्लाउसबाखची दरी

पहिल्या दिवसाने पाय दुखत असणार म्हणून दुसरा दिवस हलका. बेर्ख्तेसगाडेनहून 846 नंबरची बस रामसाऊमार्गे हिंटरझेला जाते. थोडं आधी झाउबरवाल्डजवळ उतरा, म्हणजे जादूचं जंगल. साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वी वरचा डोंगर कोसळला, घराएवढे दगड दरीत पसरले, त्यांनी ओढा अडवला आणि तलाव झाला, आणि दगडांवर मॉस आणि झाडं उगवली. वाट त्या दगडांच्या मधून जाते, ओढा शेजारून फेसाळत. मग हिंटरझेला प्रदक्षिणा, निवांत तासाभराची. पाऊस असला तरी हा दिवस फुकट जात नाही, उलट पावसात इथे काळाकुळकुळीत, बोटभर लांबीचा आल्पाइन सॅलमँडर वाटेवर येतो. हा प्राणी अंडी घालत नाही, पिल्लांनाच जन्म देतो आणि त्याला दोन-तीन वर्षं लागतात. पायाखाली बघून चाला.

हिंटरझेच्या पुढे क्लाउसबाखची दरी सुरू होते, खरा पार्क तिथे लागतो. रस्ता रुंद, चढ सौम्य, व्हीलचेअर आणि बाबागाडी बऱ्यापैकी आत जाते, उन्हाळ्यात दरीतून ऑस्ट्रियाच्या सीमेवरच्या हिर्शबिखलपर्यंत बस पण असते. मधे 55 मीटर लांबीचा झुलता पूल आहे, पोरं त्यावर मुद्दाम उड्या मारतात, आपल्यालाच कसंतरी होतं.

आकाशाकडे बघा इथे. 2021 पासून या दरीच्या वरच्या कपारीत दाढीवाल्या गिधाडाची पिल्लं आणून सोडली जातायत. जर्मनीतलं शेवटचं गिधाड 1879 साली याच बेर्ख्तेसगाडेन भागात मारलं गेलं, कोकरं पळवतो असा त्याच्यावर आळ होता. खरं तर तो मेलेल्या जनावरांची हाडं खातो, मोठं हाड असेल तर उंचावरून दगडावर टाकून फोडतो. पंख पसरले की पावणेतीन-तीन मीटर. उन्हाळ्यात पार्कचे रेंजर दुर्बिणी लावून उभे असतात, विचारलं की दाखवतात, इंग्रजीत बोलतात, फुकट. आम्ही तासभर उभे होतो, मला दिसलं ते निघालं सोनेरी गरुड, आणि बाबांनी टेलिस्कोपला डोळा लावला तेव्हा नेमकं गिधाड. ते अजून मला सांगतात की तू बघितलास तो वेगळा.

पाऊस अगदीच बदाबदा असेल तर बेर्ख्तेसगाडेन गावात पार्कचं माहिती केंद्र आहे, हाउस डेर बेर्गे, किंवा मिठाची खाण, 1517 पासून चालू आहे. खाणीत खाली जायला लाकडी घसरगुंडी, आई साडीत बसली होती, वर चढवतात तो ओव्हरऑल साडीवरूनच.

दिवस तिसरा: येनर, केबलकारने वर आणि थोडं चालून

क्योनिग्झेच्या पार्किंगपासूनच येनरची केबलकार निघते, वरचं स्टेशन 1800 मीटर. म्हणजे कळसूबाईच्या (1646) वर, घाम न गाळता. तिथून अर्ध्या तासाच्या आत 1874 मीटरचा माथा, पायऱ्या बांधलेल्या आहेत, खाली तलाव सुरीसारखा पडलेला दिसतो. ज्येष्ठांना इथेच बसवा, उपाहारगृह आहे, वर उन्हाला दाहकता असते, टोपी विसरू नका.

चालणाऱ्यांनी येनरवरून स्टालहाउसला जा, ऑस्ट्रियाच्या सीमेवरच्या खिंडीतली 1733 मीटरवरची हट (डोंगरातलं जेवणाचं आणि मुक्कामाचं घर), पाऊण-एक तास. वाटेत शिट्टी ऐकू आली तर ती मारमॉटची, गुबगुबीत, मांजरापेक्षा मोठा, दोन पायांवर उभा राहून पहारा देतो. अजून दम असेल तर हटपासून श्नाइबश्टाइन, 2276 मीटर. दोनेक तासांचा चढ, हात लावून चढायचं फारसं काही नाही, पण शेवटच्या टप्प्यात घसारा आहे, उतरताना आपला सह्याद्रीतला अनुभव कामी येतो. आयबेक्स, म्हणजे मोठ्या शिंगांचे रानबोकड, दिसायची शक्यता चांगली. येनरच्या शेवटच्या केबलकारची वेळ मात्र वर जातानाच बघा, चुकली तर 1200 मीटर उतरायचे आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही.

वाटेवरच्या पिवळ्या पाट्यांवर किलोमीटर नसतात, तास असतात. निळा ठिपका सोपी वाट, लाल म्हणजे मध्यम, अरुंद आणि उभी, काळा म्हणजे पडलात तर पडलात. स्वतः हिशोब करायचा असेल तर तासाला 300 मीटर चढ आणि सपाटीवर तासाला 4 किलोमीटर धरा, दोन्ही वेळा काढा, मोठीत छोटीची अर्धी मिळवा. 600 मीटर चढ आणि 6 किलोमीटर अंतर असेल तर दोन तास आणि दीड तास, म्हणजे साधारण पावणेतीन. आई-बाबा बरोबर असतील तर त्याची दीडपट, आणि फोटोंचे वेगळे.

ज्यांचे पाय शिवशिवतायत त्यांच्यासाठी वाट्झमानहाउस, 1930 मीटर, विम्बाखब्रुकेच्या बसस्टॉपपासून जवळपास 1300 मीटर चढ, चार-साडेचार तास, वाट रुंद आणि सरळ, फक्त संपत नाही. मुक्काम आधी ऑनलाइन बुक करावाच लागतो, सामुदायिक खोलीत पातळ स्लीपिंग लायनर स्वतःचा न्यायचा. शाकाहारींना केझश्पेट्झले (चीज घातलेल्या जाड शेवया), कासप्रेसक्न्योडल (चीज-ब्रेडचे चपटे गोळे) आणि काइझरश्मार्न (तुकडे केलेला गोड पॅनकेक) मिळतं, तिन्हीत अंडं असतं हे घरच्यांना आधीच सांगा. क्न्योडल रश्श्यात आला तर तो रस्सा बहुतेक मांसाचा असतो, विचारून घ्या. हटच्या पुढे वाट्झमानची धार आहे, हवेत दोन्हीकडे काही नाही अशी, लोखंडी दोर आहेत तरी, सह्याद्रीत कितीही कडे चढलेले असलात तरी पहिल्याच ट्रिपला तिथे जाऊ नका. पूर्वेची भिंत तर 1800 मीटरची, पूर्व आल्प्समधली सगळ्यात उंच, आणि तिने आजवर शंभराहून जास्त माणसं घेतलीत.

नियम आणि अडचण आलीच तर

पार्कमधे तंबू नाही, उघड्यावर मुक्काम नाही, चूल नाही, ड्रोन नाही, फुलं तोडायची नाहीत. एडेलवाइस दिसलंच तर फोटो काढा, पुस्तकात ठेवायला एक नको. पडलेली झाडं तशीच दिसतील, कोणी उचलत नाही म्हणून आळशीपणा समजू नका, बहुतेक भागात माणसाने हात लावायचाच नाही हेच इथलं धोरण आहे. संत्र्याची सालं आणि शेंगांची टरफलं पण परत आणायची, इतक्या थंडीत ती लवकर कुजत नाहीत.

मदत लागली तर 112. रेंज नसेल तर मिनिटात सहा वेळा समान अंतराने शिट्टी किंवा टॉर्च, मग एक मिनिट थांबा, परत तसंच. समोरून मिनिटाला तीन वेळा उत्तर आलं की त्यांना कळलं. शिट्टी सॅकच्या छातीवरच्या बक्कलमधेच असते, बघा एकदा. हेलिकॉप्टरने उतरवलं तर बिल येऊ शकतं, अल्पाइन क्लबचे मेंबर असाल तर त्यात बचावाचा विमा असतो, पाहुण्यांच्या ट्रॅव्हल इन्शुरन्समधे डोंगरातली सुटका धरलीये का हे भारतातून निघण्याआधीच विचारून ठेवा.

परतीच्या दिवशी संध्याकाळची फ्राइलासिंगची गाडी पकडताना पाच मिनिटांच्या कनेक्शनवर विसंबू नका, बॅगा आणि आई-बाबा घेऊन प्लॅटफॉर्म बदलायला ते पुरत नाहीत, पुढची धरा. मधल्या वेळात जिरेपुडीची रिकामी पुडी आईने फेकली नव्हती, घडी घालून परत पर्समधे ठेवली, पुढच्या वेळी जास्त आणू म्हणाली.